दर्याने माणूस परत दिला नाही, तर त्या घराने काय करायचं?



बंदी उठायला आता मोजके दिवस राहिलेत. जेटीवर इंजिनांची कामं सुरू झालीत, रंगाचे डबे उघडलेत, बर्फाच्या फॅक्टरीतून फोन यायला लागलेत. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस बोटमालकाच्या खिशाला जड जातात, त्यामुळे हंगाम कधी एकदा सुरू होतो असं सगळ्यांना झालंय. एरवी या दिवसांत या पानावर आम्ही डिझेलचे कागद, परवान्याच्या तारखा, लाइफ जॅकेट हेच टाकत असतो. तेही येत्या आठवड्यात टाकूच. आज मात्र दुसऱ्या विषयावर लिहितोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

केरी-हरमलपासून मालिमपर्यंत, आणि पुढे बेतूलपर्यंत, आपल्या वाड्यांवर अशी घरं आहेत जिथे १ ऑगस्टची कोणी वाट बघत नाही. मागच्या कुठल्यातरी हंगामात त्या घरातला माणूस दर्यावर गेला आणि आला नाही. कोणाचा मृतदेह मिळाला, कोणाचा मिळालाच नाही. पहाटे पहिलं इंजिन सुरू झालं की आपल्याला बरं वाटतं. त्या घरातली बाई मात्र उठून दार लावून घेते. नारळी पौर्णिमेला सगळा वाडा किनाऱ्यावर जातो, तेव्हा त्या घरात पोरांना बाहेर सोडायचं की नाही यावरून भांडण होतं. दुःख वर्षभर असतंच, पण हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर ते परत वर येतं. म्हणून हा लेख आत्ता.

माणूस गेला आणि देह मिळाला, तर निदान पुढचं सगळं ठरलेलं असतं. चार माणसं जमतात, अग्नी दिला जातो, दहावं-बारावं-तेरावं होतं. आपल्या ख्रिश्चन भावंडांकडे सातव्या दिवसाची मीस, मग महिन्याची मीस. हे सगळं का करायचं असं शिकलेली पोरं विचारतात. आम्हाला विचाराल तर या विधींचा एक मोठा उपयोग हा, की घरच्यांना रडायला दिवस ठरवून मिळतात आणि शेजाऱ्यांना यायला निमित्त मिळतं. रांधायचं कोणी, पोरांना बघायचं कोणी, हे न सांगता होतं.

देह मिळाला नाही, तर यातलं काहीच नीट सुरू होत नाही. आमच्या ओळखीतली एक आई आहे. पोरगा गेल्याला काही हंगाम झाले. ती अजून त्याच्या मोबाइल नंबरावर पैसे भरते. नंबर बंद लागतो, तिलाही ते माहीत आहे. पण रिचार्ज संपला आणि त्याच दिवशी त्याने कुठूनतरी फोन लावला तर? वाड्यावरचे काही जण म्हणतात तिच्या डोक्यावर परिणाम झाला. तिला विचारलं तर ती सरळ सांगते, "येतलो म्हणान न्हय, पण नंबर तरी चालू आसूं दी." डोकं तिचं आपल्या सगळ्यांइतकंच ठिकाणावर आहे.

अमेरिकेत पॉलिन बॉस नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्या घरांनाही कोणी ठाम सांगू शकत नव्हतं की तुमचा माणूस आहे की गेला. या प्रकारच्या दुःखाला त्यांनी 'अँबिग्युअस लॉस' असं नाव दिलं आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अर्थ असा, की माणूस घरात नाही पण मनातून गेलाय असंही म्हणता येत नाही. त्यांचं म्हणणं आपल्या वाड्यांवर अगदी पटण्यासारखं आहे. अशा घराला 'आता मान्य कर, तो गेला' असं दामटवून सांगितल्याने काही सुटत नाही, उलट घरातली माणसं एकमेकांपासून तुटतात. बायको म्हणते विधी करू, आई म्हणते माझ्या जिवंत पोराचे दिवस घालता? दोघींचं दुःख एकच, पण दोघी एकमेकींच्या वैरी होतात. बॉस बाई सांगतात, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायची मुभा द्या. तो बहुतेक नाही, आणि कदाचित असेल. एका हाताने पोरांच्या शाळेची फी भरायची, दुसऱ्या हाताने फोनचा रिचार्ज मारायचा. यात वेडेपणा काही नाही.

आपल्या जुन्या लोकांनीही यावर विचार करून ठेवलेला दिसतो. देह मिळाला नाही तर दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, याला पालाशविधी म्हणतात. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असाही जुना संकेत आहे. कोणी लवकर करतं, कोणी करतच नाही, कोणी फक्त सर्वपित्रीला पान ठेवतं. आमचं मत एवढंच, की कधी करायचं हे घरच्यांनी ठरवावं, भटजीने नाही, भावकीने नाही आणि वाड्यावरच्या पंचांनी तर नाहीच. ज्या घरात आई आणि बायको दोघींना वेगवेगळं वाटतं, तिथे पहिल्या वर्षी विधीचा विषय न काढता किनाऱ्यावर जाऊन फक्त एक दिवा ठेवला, असंही आम्ही पाहिलंय. दिव्याला दोघी आल्या होत्या.

बेपत्ता माणसाच्या बायकोवर आणखी एक गोष्ट येऊन पडते. तिने कुंकू लावायचं की नाही? मंगळसूत्र घालायचं की नाही? लावलं तर लोक बोलतात, नाही लावलं तर सासू म्हणते माझ्या पोराला तूच मारलंस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्याकडे ठराव होवो न होवो, वाड्यावरच्या बायकांनी ठरवलं तर एका संध्याकाळचं काम आहे. तिचं कपाळ, तिचा निर्णय. बाकीच्यांनी त्या कपाळाकडे बघून कुजबुजायचं नाही.

वादळाची गोष्ट निघाली की आपल्याकडे अजून फयान आठवतं. ११ नोव्हेंबर २००९ ला ते अलिबाग-मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं, पण त्याआधी रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपल्या गोव्याच्या समोरच्या दर्यात होत्या त्या बोटींना त्याने गाठलं. नोव्हेंबर म्हणजे ऐन हंगाम. मग २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी आलं. केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी भरकटत देवगड बंदरात आसऱ्याला लागल्या. देवगडच्या लोकांनी त्या खलाशांची भाषा येत नसताना त्यांना जेवू घातलं. ओखीत शेकडो घरांत माणूस परत आला नाही आणि देहही आला नाही. तेव्हा त्या दोन्ही राज्यांच्या सरकारांनी सात वर्षं न थांबता बेपत्ता खलाशांच्या घरांना मदत देण्याचा निर्णय घेतला.

ही सात वर्षं काय ते सांगतो, कारण याचा त्रास दुःखाइतकाच मोठा असतो. कायद्याप्रमाणे एखाद्याची सात वर्षं काहीच खबर लागली नाही, तर तो मेला असं धरलं जातं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ आहे. तोपर्यंत मृत्यूचा दाखला मिळवायला धावपळ, आणि दाखला नाही म्हणून विमा, बँक, बोटीचे कागद सगळं अडतं. घरातल्या बाईला प्रत्येक टेबलावर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. एका सभासदाच्या पत्नीने आम्हाला सांगितलं, की रडू तिला घरात येत नव्हतं, ते खिडकीसमोरच्या रांगेत यायचं.

म्हणून आमची सूचना अशी, की कागदाचं काम त्या बाईवर टाकू नका. भाऊ, दीर, शेजारी, सोसायटीचा एखादा कार्यकर्ता, कोणीतरी एकाने ते अंगावर घ्यावं आणि शेवटपर्यंत तोच असावा. पहिल्याच दिवशी किनारी पोलिसांकडे बेपत्ता म्हणून तक्रार आणि तिची शिक्क्याची प्रत. बोटीवरच्या सगळ्यांची नावं. शेवटचं जीपीएस ठिकाण, शेवटचा वायरलेसचा बोल, वाचून आलेल्यांचे जबाब. हे पहिल्या आठवड्यात जमलं तर ठीक, नंतर खलाशी गावी जातात आणि आठवणी पुसट होतात. कोणी बुडालं, बोट अडकली, तर कोस्ट गार्डचा १५५४ आणि किनारी पोलिसांचा १०९३ हे नंबर तांडेलाच्या केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.

विम्याचंही यातच सांगून टाकतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख. हप्ता सरकार भरतं. शिवाय बँकेतून वर्षाला २० रुपयांत सुरक्षा विमा निघतो, त्यात अपघाती मृत्यूला २ लाख. बंदीच्या दिवसांत हे सगळं तपासून घ्या, नॉमिनी कोण आहे ते बघा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून वडलांचं नाव असतं आणि मग सासू-सुनेत नको ते होतं.

आणि एक, जे अनुभवाने सांगतो. माणूस गेल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत बोट, जाळी, इंजिन, सोनं यातलं काहीही विकू नका. गिऱ्हाईक नेमकं त्याच वेळी दारात येतं, कारण भाव पडलेला असतो. येणारा माणूस वाईट असेलच असं नाही, पुष्कळदा तो नात्यातलाच असतो आणि मदत करतोय असंच त्याला वाटतं. पण रात्रीची झोप नसलेल्या माणसाने घेतलेला सौदा हंगाम संपेपर्यंत डोळ्यांत खुपतो. कर्जाचा हप्ता तटलाय तर सोसायटीत या, बँकेच्या मॅनेजरकडे आम्ही बरोबर येऊ. बोट भाड्याने चालवायला देता येते, तिचा विचार आधी करा.

आता मनाचं. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो, की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, आधी नाकारणं, मग राग, वगैरे, आणि शेवटी स्वीकार. तो मेसेज आम्हालाही दरवर्षी येतो. त्या पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातल्या आहेत, आणि ते पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिलेलं होतं. मागे राहिलेल्या माणसाने पायरी-पायरीने वर चढत जायचं असं त्यातून काढणं बरोबर नाही. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना माहीत आहे, की सहा महिन्यांनी राग येतो, मग वर्षाने परत पहिल्या दिवसासारखं होतं. त्यामुळे 'आपलं काहीतरी चुकतंय' असं मानायचं कारण नाही.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये जे मांडलं ते आपल्याला जास्त जवळचं वाटेल. ते म्हणतात, की दुःखातला माणूस ये-जा करत असतो. कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी उठून पाणी भरतो, बाजाराला जातो, हसतोसुद्धा. दोन्ही लागतं. सारखं रडत बसला तर माणूस खचतो आणि सारखा कामात राहिला तर ते आत साठत जातं. भरती-ओहोटी म्हणा ना. त्यामुळे नवरा गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मासळीची पाटी घेऊन म्हापशाच्या बाजारात बसलेली बाई कोणाशी हसली, तर तिला काही वाटत नाही असा अर्थ कोणी काढू नये.

कामाबद्दल आणखी थोडं, कारण याचा पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे आणि फार जणांना ठाऊक नाही. 'संगत' ही संस्था गोव्यात १९९६ पासून मनाच्या आरोग्यावर काम करते. त्यांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, आपल्यातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी उदास झालेल्या लोकांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं. नुसतं बोलायचं नाही, दर भेटीत दोघांनी मिळून ठरवायचं की या आठवड्यात कुठलं एक छोटं काम परत सुरू करायचं. हंगामी भाजीची वाफ, देवळात जाणं, बहिणीला फोन, काहीही. याने लोकांना खरोखर फरक पडला आणि त्याचा अहवाल 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आला. त्याच सुमारास दारूवरही त्यांनी असाच प्रयोग केला, त्यात एक ते चार भेटी होत्या, आणि त्याचाही उपयोग झाला.

यातलं तत्त्व आपल्याला घरी वापरता येतं. मन लागेल तेव्हा काम करीन, असं म्हटलं तर ते मन लागत नाही. काम आधी, तेही लहान, आणि वेळ ठरलेली. भाऊ गमावलेला एक रापणकार आम्हाला माहीत आहे. पाण्यात पाय टाकायला त्याला जमेना. त्याला कोणी 'चल रे, किती दिवस बसशील' म्हटलं नाही. रोज सकाळी नऊला शेडमध्ये येऊन एक तास फाटकी जाळी शिवायची, एवढंच ठरलं. बाजूला दोन म्हातारे असायचे, ते बोलले तर बोलायचे. पावसाळा तसाच गेला. पुढच्या हंगामात तो दोरी ओढायला वाळूवर उभा राहिला. होडीत अजून चढत नाही. नको चढू दे.

दारूचं लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि या पानावर ते लिहिलं की खाली लोक आम्हाला नावं ठेवतात, तर ठेवा. आपल्याकडे बाटली स्वस्त आणि दुःखात कोणी हातात दिली तर ती माया समजली जाते. पहिल्या रात्री झोप लागत नाही म्हणून दोन पेग. महिन्याने चार. दारूने डोळा लागतो पण मध्यरात्री झोप मोडते आणि मग पहाटेपर्यंत तेच चित्र डोळ्यांसमोर. तेव्हा दुःखाच्या घरी जाताना बाटली नेऊ नका. माणसाबरोबर बसायचंय तर चहा करून बसा.

ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं, तो म्हणजे वाचून आलेला. त्याच बोटीवर होता, तो परत आला आणि दुसरा आला नाही. सगळे त्याला म्हणतात, देवाने वाचवलं रे तुला. त्याच्या डोक्यात एकच, दोर मी सोडला का, हाक मला ऐकू आली होती का. तांडेल असेल तर त्याहून वाईट, कारण निर्णय त्याचा होता. अशा माणसाला चहाच्या टपरीवर घेरून 'नक्की काय झालं सांग' म्हणू नका. पोलिसांना जबाब द्यायचाच असतो, तो एकदा द्यावा. बाकी त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा, ज्याला सांगावंसं वाटेल त्याला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये अशा प्रसंगांसाठी मार्गदर्शिका काढली, त्यातही हेच आहे. माणसाला काय हवंय ते बघा, तो बोलेल ते ऐका, आणि गरजेच्या ठिकाणी जोडून द्या. बोलायची जबरदस्ती नाही. आणि तो बेपत्ता माणसाच्या घरी जाऊ इच्छित असेल, तर कोणीतरी मोठं माणूस बरोबर जावं. एकटा पाठवू नये, आणि त्या घरच्यांनीही त्याला दारातून परत पाठवू नये.

पोरांना खरं सांगा. "बाबा लांब कामाला गेलेत" असं सांगून आपण सहा महिने काढतो आणि शाळेतला दुसरा पोरगा एका वाक्यात सांगून टाकतो. त्यानंतर ते मूल घरातल्या कोणाचंच ऐकत नाही. साध्या शब्दांत सांगायचं. बाबांची बोट बुडाली, शोधलं, सापडले नाहीत, बहुतेक ते आता येणार नाहीत. पोर विचारेल, थंडी वाजली असेल का बाबांना? रडत रडत उत्तर दिलं तरी चालतं. पोरांना आपण रडलेलं चालतं, खोटं बोललेलं चालत नाही. नारळी पौर्णिमेला त्यांना जायचं असेल तर जाऊ द्या, नसेल तर काकाबरोबर घरी राहू द्या.

भेटायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. "देवाची इच्छा", "पोरांसाठी तरी सावर", "तू वाघीण आहेस", ही वाक्यं आपण काही सुचत नाही म्हणून बोलतो, ऐकणाऱ्याला ती दार बंद केल्यासारखी लागतात. "काही लागलं तर सांग" हेही तसंच, कोणी सांगत नाही. त्याऐवजी "वयनी, उद्या शाळेत तुझ्या पोरीला मी सोडते", "काकी, बुधवारी रेशन मी आणून देतो" असं सांगा आणि करा. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं. आमच्या मते भेटायला जायचा खरा महिना तिसरा.

औषध-डॉक्टरचं कधी बघायचं? दुःख हा आजार नव्हे, त्याला मुदत घालता येत नाही. पण सहा महिने होऊन गेले, पहिल्या आठवड्याइतकंच सगळं ठप्प आहे, माणूस आंघोळ करत नाही, जेवत नाही, पोरांकडे बघत नाही, तर ते एकट्याने निभावण्यासारखं राहिलेलं नाही. आणि कोणी म्हणालं की "मलाही दर्याने न्यावं", तर तिथे सहा महिने मोजायचे नाहीत. त्याच दिवशी, त्याच तासाला त्याच्याजवळ बसायचं, एकटं सोडायचं नाही, "तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय का" असं सरळ विचारायचं. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी इस्पितळ आहे. तिकडे गेलं की लोक 'वेड्यांच्या इस्पितळात गेला' म्हणतात. इंजिन बिघडलं तर आपण मेकॅनिककडे जातो, तेव्हा कोणी काही म्हणत नाही.

शेवटी ज्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून हा लेख घेतला, ते. आपल्या ट्रॉलरांवर, पर्ससीनवर काम करणारी बरीच पोरं ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातली आहेत. बोटीवर त्यांना टोपणनाव असतं. छोटू, बाबू, मुन्ना. त्यातला एखादा पाण्यात गेला आणि मिळाला नाही, तर पुष्कळदा खरं नाव काय हेच दोन दिवस कळत नाही. घरचा फोन त्याच्याच मोबाइलमध्ये, आणि मोबाइल त्याच्याबरोबर गेलेला. ठेकेदार गावच्या ठेकेदाराला सांगतो, तो आणखी कोणाला, आणि त्या आईला बातमी पोहोचते तेव्हा ती चौथ्याच्या तोंडून, अर्धवट. तिला कोणी तेराव्याला विचारत नाही की पोराची पिशवी कुठे आहे. पिशवी इथेच असते, खोलीत खिळ्याला. खोलीतले बाकीचे आठ-दहा जण त्या पिशवीखाली झोपतात.

त्या खोलीतल्या पोरांचंही दुःखच असतं. त्यांना एक दिवस किनाऱ्यावर राहू द्या. त्यांच्या रीतीने काय करायचं असेल ते करू द्या, खर्च मालकाने करावा. घरच्यांना फोन मालकाने स्वतः करावा, भाषा येत नसेल तर त्याच गावचा खलाशी बाजूला घेऊन, स्पीकरवर. हिशेब पूर्ण करून पैसे त्याच्या घरच्या खात्यात, आणि पिशवी कोणाबरोबर तरी हातोहात. कुरियरने नको.

यासाठी सोसायटीने या हंगामापासून एक वही केली आहे. बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाचं खरं नाव, फोटो, गाव, आधारची प्रत, आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर, नाव आणि नात्यासकट. मालक आणि त्यांच्या घरचेही यात आले, कोणाला सूट नाही. फॉर्म ऑफिसात मिळतील, सकाळी दहा ते एक. तांडेलांनी खलाशांना बरोबर घेऊनच यावं, म्हणजे नंबर तिथेच लावून बघता येतील. ३१ जुलैच्या आत.